पोवळ्यांना ऊन दाखवताना

"सांग धाकटे, दगड कोण, झाड कोण, जनावर कोण? आणि तिन्ही मिळून एकच कोण?"

पाण्यातून आधी आवाज यायचा आणि मागून डोकं. निदान धाकटीच्या आठवणीत तरी तसंच होतं. ती होडीच्या काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली, कारण तिला पाण्याची धास्ती. आणि दादा तळाशी बुडी मारून वर येताना कोडं घालतच वर येणार. नाकातोंडातून पाणी गळतंय, डोळे लालभडक, छातीचा भाता चाललाय, पण कोडं आधी. तिला उत्तर ठाऊक असायचं. तरी ती म्हणायची, "नाही बाई येत. तूच सांग." मग तो होडीत पालथा पडून सांगायचा. हरणाच्या शिंगांसारखी पोवळी, ताटासारखी पसरट पोवळी, माणसाच्या मेंदूसारखी वळ्यावळ्यांची पोवळी, आणि त्यांच्यामधून ये-जा करणारे मासे, जणू गल्लीत कुणाचं तरी लग्न निघालंय. धाकटीने समुद्राचा तळ जन्मात पाहिला नाही. पण भावाच्या तोंडून तो इतका ऐकला होता, की पोवळ्यांच्या त्या खडकाच्या वळणावळणाने ती डोळे मिटून चालली असती.

दिवस काय कुणासाठी थांबतात? दादा मोठा झाला, पाणबुड्या झाला, पाठीवर हवेची टाकी बांधून त्याच खडकावर उतरू लागला. धाकटीने मातीत हात घातले आणि गावाबाहेर रोपवाटिका टाकली. दोघांच्या डोक्यावर चांदी आली, तरी घरीदारी तो दादाच आणि ती धाकटीच. संध्याकाळी तो खडकाच्या गोष्टी घेऊन यायचा, ती कुंड्या भरत ऐकायची.

मग एका उन्हाळ्यात समुद्र तापला. खडक पांढरा पडला आणि मेला. दादा त्यातून वर आला तो एक शब्द न बोलता. हवेची टाकी त्याने खुंटीला टांगली, रस्त्याच्या कोपऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला बसला, आणि समुद्राचा विषय निघाला की पाना उचलून दुसरीकडे जाऊ लागला. कुणी खोदून विचारलं तर म्हणे, "होतं ते गेलं." तेवढंच.

"अळीमिळी गुपचिळी," वहिनी म्हणायची. ती शिलाईचं काम करायची आणि तिची जीभ सुईपेक्षा बारीक टाके घालायची. "आमच्या ह्यांच्या तोंडात देवाने समुद्र भरून ठेवलाय. बोलायला गेले तर सांडेल, म्हणून ओठ मिटून बसतात."

धाकटी हसायची. पण आत कुठेतरी तिच्या डोळ्यांची एक जोडी हरवली होती.

*

मत्स्यालयाच्या अंगणात झाडं लावायची होती म्हणून तिथल्या साहेबांनी धाकटीला बोलावलं. काम आटोपलं, चहा झाला, आणि साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला एक गंमत दाखवतो."

मागच्या खोलीचं दार उघडलं आणि धाकटीचा पाय उंबऱ्यावरच थांबला. खोलीभर निळा उजेड. काचेच्या टाक्यांत, पाण्याखाली, बोटाएवढ्या काड्या उभ्या होत्या. कुणी जांभळी, कुणी हिरवी, निखाऱ्यासारखी आतून उजळलेली. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक काडीवर शेकडो इवली तोंडं, आणि प्रत्येक तोंडाभोवती केसांएवढ्या बोटांचा झुबका, हलतोय, मिटतोय, पुन्हा उघडतोय.

"तुमच्या भावाचा खडक," साहेब म्हणाले. "मरायच्या आधीच्या वर्षी आम्ही थोडे तुकडे आणून ठेवले होते. त्यांच्यापासून केलेली ही कलमं. त्या खडकाचं जगात आता एवढंच उरलंय."

धाकटीने काचेवर बोट टेकवलं. "आणि ही अशीच कोंडलेली राहणार?"

"तोच प्रश्न आहे. दिव्यांखाली जगतात. पण ही समुद्रात परत लावायची तर आधी खऱ्या उन्हात वाढायला हवीत. उघड्यावर टाक्या हव्यात, वर आभाळ हवं. मी पडलो खोलीतला माणूस. उन्हात यांचं काय होतं ते मी वाचलंय, पाहिलेलं नाही."

"रोपांना ऊन दाखवणं," धाकटी म्हणाली, "हाच तर माझा धंदा."

साहेबांनी बराच विचार केला, आणि मग निम्मी कलमं तिच्या हवाली केली. "जपा," म्हणाले. "ही तगली तर उरलेलीही आणून देईन, आणि वर्षभरात आपण खडकावर लावायला जाऊ. ही गेली, तर माझी हिंमत व्हायची नाही दुसरी निम्मी द्यायची. कोंडलेलीच राहतील."

निम्मा खडक पदरात घेऊन धाकटी घरी आली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवसापासून कळलं.

*

रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला तिने लांबट खड्डे खणले आणि उथळ टाक्या गळ्यापर्यंत मातीत पुरल्या. वहिनी कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"टाक्या पुरतेस की पेरतेस? उद्या उगवून येतील."

"मातीत पाणी तापत नाही, वहिनी. वरती ठेवल्या तर दुपारी चहा होईल त्यांचा."

समुद्राचं पाणी नळीने ओढून आणलं. उन्हाने जेवढं उडून जाईल तेवढं गोडं पाणी रोज सकाळी घालायचं, म्हणजे खारटपणा चढत नाही. पाऊस आला तर झाकायचं, म्हणजे उतरत नाही. कलमं सिमेंटच्या चकत्यांवर चिकटवली, चकत्या जाळीदार फळ्यांवर मांडल्या. आणि डोक्यावर सावलीची हिरवी जाळी, एकावर एक तीन पदर. खोलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की करपतं, हे धाकटीच्या हाताला ठाऊक होतं. एकेक पदर हळूहळू काढायचा होता. वहिनीने जाळ्यांना कडेने पट्टी शिवली, आत दोरी ओवली, म्हणजे पडद्यासारख्या ओढता याव्यात.

"साड्यांना फॉल लावले, पडद्यांना झालर लावली," ती मशीन चालवता चालवता म्हणाली, "दगडांना पदर आजच शिवतेय. आमच्या घराण्यात कशाला काही कमी नाही."

लाटांचा प्रश्न उरला. थांबलेल्या पाण्यात पोवळं जगत नाही. त्याला पाणी येतं-जातं हवं, समुद्राच्या श्वासासारखं. धाकटी घाबरत घाबरत दादाच्या कोपऱ्यावर गेली. त्याने ऐकून घेतलं, हो नाही की नाही नाही. दुसऱ्या दिवशी पंप आणि नळ्या खांद्यावर टाकून आला. टाक्यांकडे पाठ करून बसला. हात पाठीमागे नेऊनच नळ्या चाचपून जोडल्या, पंप सुरू केला, कानाने पाणी ऐकलं, एक चावी थोडी पिळली, पुन्हा ऐकलं. टाकीतलं पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे आणि परत, असं झुलायला लागलं. आणि दादा उठला, हात पुसले, मागे वळून न पाहता चालू लागला.

"एकदा बघ तरी," धाकटी म्हणाली.

"लाट बरी आहे," तो म्हणाला आणि गेला.

वहिनीने मान हलवली. "अंथरूण घालून देतील, पण बाळाचं तोंड बघायचे नाहीत."

*

पहिल्या उन्हात कलमांनी निराशाच केली. निळ्या दिव्याखाली जी जांभळी-हिरवी दिसायची, ती दिवसाच्या उजेडात मळकट तपकिरी. वहिनी वाकून म्हणाली, "ह्या तर भिजलेल्या काड्या. यांच्यासाठी एवढा थाट?"

साहेबांनी समजावलं होतं ते धाकटीने तिला सांगितलं. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. हा तपकिरी रंग त्याचाच. ते उन्हावर अन्न शिजवतं आणि पोवळं ते खातं.

"म्हणजे भाडेकरूच स्वयंपाक करतो आणि मालकाला वाढतो?" वहिनी म्हणाली. "मला पत्ता दे. असा एक भाडेकरू मी पण ठेवते."

पण एका सकाळी धाकटी एकटीच टाकीशी बसली होती. कोवळं ऊन जाळीतून गाळून पाण्यावर पडलेलं, आणि पाण्याच्या झुलण्याबरोबर उजेडाच्या सोनेरी दोऱ्या तळावरून सरकत होत्या. तिने एका काडीवर नजर रोखली. काडीचं टोक, काल तपकिरी होतं, आज दुधासारखं. वाढत होतं. रात्रीतून त्या जिवाने पाण्यातली माती की मीठ की काय ते कण कण वेचून स्वतःखाली दगड घातला होता, केसाच्या रुंदीएवढा. आणि आता त्या दगडाच्या अंगभर तोंडं उघडली, एक, मग शेजारचं, मग सगळी, वाऱ्यावर गवत लवावं तशी.

धाकटीने आयुष्यभर बी फुटताना पाहिलं होतं. तिला वाटायचं, यापरतं आश्चर्य नाही. आज तिने हातातली झारी खाली ठेवली. डोंगर कसे होतात ते कुणी पाहिलंय? ती पाहत होती. तिच्या अंगणात, मातीत पुरलेल्या टाकीत, बोटाएवढा डोंगर उन्हाचा घास खात होता. तिच्या ओठांवर आपसूक चरण आले, दळताना यावेत तसे, कुणी शिकवल्याशिवाय:

दगडाच्या पोटी फूल, फुलाच्या पोटी तोंड,
उन्हाचा घास त्याला, पाण्याचा हात गोड.

आणि सगळ्यात आधी तिच्या मनात आलं ते हे, की दादाने पाहायला हवं. त्याने पाहावं आणि सांगावं. तिच्या डोळ्यांना दिसतंय ते काय आहे, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिचं पाहणं पुरं होत नव्हतं.

*

जाळीचा एक पदर निघाला, कलमांनी सोसला. दुसरा अर्धा उघडला, तोही सोसला. साहेबांचा निरोप आला: पुढच्या आठवड्यात पाहायला येतो, सगळं ठीक असेल तर उरलेली कलमं बरोबरच आणतो.

आता पाहुणा येणार म्हटल्यावर रोपवाटिकेतलं माणूस काय करतं? पानं पुसतं. गिऱ्हाईक यायच्या आधी ओल्या फडक्याने पान न् पान पुसून झाडाला चकाकी आणणं धाकटीच्या बोटांत मुरलेलं होतं. पोवळ्यांना पानं नाहीत. मग पुसायचं काय, तर पाणी. इतक्या दिवसांत टाकीच्या पाण्याला पिवळट झाक आली होती, फिक्या चहासारखी. साहेबांनी पाणी गाळायचा कोळसा दिला होता, चिमूटभर वापरायला. धाकटीने वहिनीकडून कापडी पिशव्या शिवून घेतल्या, सगळा कोळसा भरला आणि पंपाच्या तोंडाशी बांधला. आणि दुसरा पदरही ओढून टाकला.

पाणी असं निवळलं की जणू नाहीच. तळाच्या वाळूचा कण मोजावा. धाकटीने समाधानाने हात झटकले.

आणि मग कलमांना रंग चढू लागले.

आधी टोकं निळी झाली. मग अंगावर जांभळा चढला, साधा नव्हे, आतून पेटल्यासारखा. एक काडी पिवळीधमक झाली, लिंबाने लाजावं अशी. दुसरी गुलाबी, तिसरी अशी हिरवी की पाहताना डोळे दिपावेत. खोलीतल्या निळ्या दिव्यांनी जे कधी दाखवलं नव्हतं, ते भर दुपारच्या उन्हात उघड्यावर येऊन बसलं. शेजारचा सुतार पाहायला आला आणि टोपी काढून उभा राहिला. त्याची बायको आली, तिने तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही. गल्लीतली माणसं येत, कुंपणाशी गलका करत, आणि टाकीशी आली की कुजबुजायला लागत, झोपलेल्या मुलापाशी कुजबुजावं तशी.

"भिजलेल्या काड्या म्हणणारी ही जीभ कापून दे आता," वहिनी हळूच म्हणाली. "डोळ्यांचं पारणं फिटलं गं."

धाकटीला वाटलं, आपण जिंकलो. ती तडक कोपऱ्यावर गेली. "दादा, आज तू येतोयस. तुझा खडक तुझ्या रंगांत आलाय. माझी आण आहे."

का कोण जाणे, त्या दिवशी तो पाना ठेवून उठला.

माणसं बाजूला झाली. दादा टाकीच्या कडेला आला आणि त्याने खाली पाहिलं. धाकटी पाण्याकडे पाहत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिने पाहिलं की त्याचं तोंड किंचित उघडलं, कपाळाच्या आठ्या विरल्या, आणि म्हातारा होत चाललेला तो चेहरा क्षणभर होडीतल्या पोराचा झाला.  बोलणार, आता बोलणार.

दादा खाली बसला. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, पिवळ्याधमक काडीच्या अंगावरून एक बोट फिरवलं, फिरवलं न फिरवलं असं. मग उठला आणि जाळीची दोरी धरून एका ओढीत सावली टाकीवर आणली.

"अरे, काय करतोस?" धाकटी म्हणाली. "माणसं बघतायत."

"दुसरी जाळी कुठे आहे?"

"दादा, आत्ता कुठे रंग..."

"दोन्ही घाल. आणि ह्या पिशव्या कसल्या?"

"कोळसा आहे. पाणी निवळायला."

त्याने पिशव्या सोडवून बाहेर मातीत टाकल्या. "जुनं पाणी थोडं साठवलंयस का? ते पिवळं?"

पाणी कधी कमी पडलं तर हाताशी असावं म्हणून कोळसा बांधायच्या आधी तिने एक पिंप भरून ठेवलं होतं. दादाने ते बादल्यांनी टाकीत ओतलं. स्वच्छ आरशात कुणी चहा सांडावा तसं ते दिसलं. कुंपणाशी कुणीतरी चुकचुकलं. धाकटीचे डोळे भरले.

"कारण तरी सांग."

"पिवळं पाणी ही त्यांची चौथी जाळी होती," तो म्हणाला. "तू एका दमात दोन काढल्यास. भाजतायत ती, धाकटे. भाजतायत म्हणून पेटलीत."

"तुला कसं कळलं?"

"आधी सावली," दादा म्हणाला, आणि दुसऱ्या जाळीची दोरी बांधायला वळला.

*

मग सुरू झालं रंग उतरण्याची वाट पाहणं. असं काम धाकटीने कधी केलं नव्हतं. साहेबांना तिने कळवलं, खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मी येऊन काय करणार? तुमचे बंधू म्हणतील तसं करा. रंग जाऊन शेवाळाची तपकिरी परत आली तर वाचली. पांढरी पडली तर गेली." म्हणजे रंग जाणार हे नक्की, कुठल्या बाजूला जाणार, एवढाच सवाल.

दादा आता रोज यायचा. पंपाची लाट त्याने वाढवली. दुपारी ओली पोती टाकीच्या कडांवर घालायचा. बोलायचा नाही, पण पाठही करायचा नाही. दोघं बहीणभाऊ दोन बाजूंना उकिडवे बसायचे आणि जाळीखालच्या हिरव्या अंधारात डोकावायचे. जांभळा फिका झाला. गुलाबी फिका झाला. पिवळी काडी इतकी फिकटली की धाकटीने एका दुपारी तिकडे पाहणंच सोडलं. पाहुणे येईनासे झाले. सुताराची बायको येऊन गेली आणि म्हणाली, "दृष्ट लागली हो."

त्यातल्या काही काड्या पांढऱ्या पडल्याच. दादाने त्या कडेला काढल्या आणि हातात धरून बराच वेळ उभा राहिला.

आणि एका सकाळी वहिनी पोती भिजवायला गेली ती तिथूनच म्हणाली, "अगं, इकडे ये. तुमचा भाडेकरू परत आलाय वाटतं. घर मळवायला लागलाय."

धाकटी धावली. पिवळ्या काडीच्या बुडाशी, मिठाला चहाचा डाग पडावा तसा, तपकिरी डाग उमटला होता. शेजारच्या काडीवर तसाच. त्याच्या पलीकडे तसाच. धाकटीने जन्मात मळक्या रंगाकडे असं पाहिलं नव्हतं. तो मातीचा रंग होता, भाकरीवरच्या डागाचा, तिच्या स्वतःच्या हातांचा. दुपारपर्यंत ऊन जाळीतून झिरपलं आणि तपकिरी काड्यांवर एकेक तोंड उघडू लागलं. ती तिथेच मातीत बसली आणि तिला वाटलं, आपण कुजबुजायचं विसरलो होतो ते आत्ता आठवतंय.

दादा आला. त्याने पाहिलं. समोर बसला. गोठ्याएवढ्या छपरीत वहिनीचं मशीन चालू होतं, पावसाळ्यासाठी झाकण शिवत होती ती.



"तू विचारलं होतंस मला कसं कळलं," दादा म्हणाला.

 धाकटी होडीचा काठ धरावा तशी टाकीची कड धरून बसली.

"खडक पांढरा पडायच्या आधी असाच पेटला होता. सगळा. जिथवर डोळा पोचेल तिथवर. मी एकटाच होतो खाली. जांभळा, पिवळा, असला निळा की त्याला नाव नाही. मी हसलो, धाकटे. तोंडातली नळी सुटेपर्यंत हसलो. पाण्याखाली टाळ्या वाजवल्या, आवाज येत नाही तरी वाजवल्या. मला वाटलं, समुद्राला बहर आलाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच निघालो होतो. मग म्हटलं, हे सांगायचं नाही, हे तिला दाखवायचं. तळाला काच बसवलेली होडी असते ना, ती शोधत फिरलो. होडी मिळाली तोवर सगळं पांढरं झालं होतं."

छपरीतलं मशीन थांबलं.

"समुद्र तापला त्यात तुझा काय दोष?" धाकटी म्हणाली. "तुला कुठे माहीत होतं ते मरतंय म्हणून?"

"सगळे तेच म्हणायचे. दोषाचं नाही गं." त्याने पाण्यात हात घातला, आणि तो पाण्यातच राहू दिला. "लोक येऊन माझ्याजवळ हळहळायचे, आणि मी मान खाली घालून बसायचो, कारण मला हळहळ वाटायचीच नाही. ते मरत होतं, आता मला माहीत आहे. तरी डोळे मिटले की ते दिसतं, आणि मला आनंदच होतो. आजही होतो. हे कुणाला सांगणार? एवढं सुंदर मी जन्मात काही पाहिलं नाही."